आठ खंडांची मांगा आणि ताटाशेजारचे गमबूट

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उलटी वाचतात. आपल्या हिशोबानं शेवटचं पान ते तिचं पहिलं, आणि चौकटी उजवीकडून डावीकडं. हे मला माहीत होतं, आजीला नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात ओसरीवर पहिला खंड परत चाळत बसलो होतो आणि ती शेजारी शेंगा फोडत होती. बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "उर्दू वाचायलास व्हय रे?"

तिचा बाप निजामाच्या राज्यात शिकलेला. शाळा उर्दू, कचेरीचे कागद उर्दू. 1948 च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर सगळं बदललं, पण मागून उघडायची दोन-तीन पुस्तकं तिच्या माहेरी फडताळात बरीच वर्षं होती म्हणे. मी म्हणालो, "नाही गं, जपानी चित्रांचं आहे."

"काय लिव्हलंय त्याच्यात?"

"एक पोरगं खोलीतून बाहेरच येत नाही, त्याची गोष्ट."

आजी हसली नाही. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"तुझी?"

तर ही पोस्ट त्या मांगाबद्दल आहे. आणि आजीनं विचारलंच आहे तर माझ्याबद्दलही.

मांगाचं नाव 'वेलकम टू द एनएचके'. मूळची कादंबरी, तात्सुहिको ताकिमोतो या जपानी लेखकाची, 2002 सालची. तिच्यावरून ताकिमोतोनंच मांगाची गोष्ट लिहिली आणि चित्रं केंदी ओइवानं काढली. 2007 ला ती संपली, आठ खंड झाले. मधे 2006 ला 24 भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकाही येऊन गेली आणि बहुतेकांना हे नाव तिच्यामुळंच माहीत असतं. मला मांगाचा पहिला खंड 2018 मध्ये पुण्यात किलोवर मिळाला. जुन्या इंग्रजी पुस्तकांचं प्रदर्शन होतं, तराजूत टाकून द्यायचे. मी घ्यायला गेलो होतो अर्थशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक. ते तराजूत घातलं, पैसे सुटे होईनात, म्हणून काटा जुळवायला ही मांगा वर टाकली. बाकीचे सात खंड नंतर एका नांदेडच्या रूममेटनं पेनड्राइव्हवर दिले. कुठून आणले ते त्यालाच माहीत.

गोष्ट अशी आहे. सातो नावाचा 22 वर्षांचा पोरगा. कॉलेज सोडलंय, टोकियोजवळ एका खोलीत एकटा राहतो, घरून पैसे येतात, चार वर्षं झाली तो धड बाहेर पडलेला नाही. जपानीत याला हिकिकोमोरी म्हणतात. मागं सरणं आणि कोंडून घेणं, या दोन क्रियापदांचा मिळून झालेला शब्द. सातोच्या डोक्यात एक दिवस प्रकाश पडतो की आपली ही अवस्था आपल्यामुळं नाहीच, हा कट आहे. एनएचके म्हणजे जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था, आपल्या दूरदर्शनसारखी. पण सातोच्या मते ती तीन अक्षरं खरं तर 'निहोन हिकिकोमोरी क्योकाई'ची. म्हणजे जपानी घरकोंबड्यांचा महासंघ, आणि तो महासंघ पोरांना घरात बसवायचं काम पद्धतशीर करतोय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नुसता हसलो होतो. तेव्हा मी पुण्यात होतो, एमपीएससी करत होतो, सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा धरायला जायचो. घरात बसणारी माणसं म्हणजे दुसरी कोणीतरी.

आमच्याकडं एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमलं तर जमलं, नाही तर आहेच परभणी. बाहेरचे लोक ही कौतुकानं सांगतात. पुण्याहून हात हलवत परत येणाऱ्या पोराला ती कशी ऐकू येते ते वेगळं. पाच वर्षं, तीन मुख्य परीक्षा, एकदा मुलाखतीची यादी अडीच मार्कांवरून हुकली. नोव्हेंबर 2021 मध्ये दिवाळीला म्हणून सेलूला रेल्वेनं उतरलो, तिथून गावी आलो, आणि भाऊबीज झाल्यावर परत गेलोच नाही. कुणाला सांगून ठरवलं नाही. सॅक भरलेली तशीच होती. आज जाऊ, उद्या जाऊ, सोमवारी जाऊ. मग कधीतरी माडीवरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ते जानेवारी 2023 पर्यंत जवळपास लावलेलंच होतं. चौदा महिने.

'जवळपास' म्हणतोय कारण खेड्यात पूर्ण कोंडून घेता येत नाही. ही गोष्ट जपान्यांना सांगायला हवी. त्यांच्याकडं अपार्टमेंट असतं, आत संडास असतो, रात्रभर उघडं असणारं दुकान कोपऱ्यावर असतं. माझ्या माडीला कडी होती, तीसुद्धा बाहेरून हात घालून निघायची. संडास खाली परसात. त्यामुळं मी रात्री दोननंतर उतरायचो, सगळं उरकून बादली भरून वर यायचो. ताट दाराबाहेर असायचं, वर दुसरं ताट उपडं झाकलेलं, त्याच्यावर मांजर येऊ नये म्हणून पाट्याचा वरवंटा. रिकामं ताट मी पुन्हा तसंच झाकून, वरवंटा ठेवून द्यायचो. माय आणि मी चौदा महिने बहुतेक त्या वरवंट्यामार्फतच बोललो. भाकरी उरवली की दुसऱ्या दिवशी एक कमी यायची. कुस्करा केला की तिसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

माझाही एक एनएचके होता. सकाळी अकराच्या सुमाराला भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीत यायचा. भोंग्यावर रेकॉर्ड केलेला आवाज, "जुनं-पुराणं द्या, मोडकं-तोडकं द्या, बंद पडलेलं द्या." मी त्याच आवाजानं जागा व्हायचो. पहिला महिनाभर चीड यायची. नंतर नंतर मला खरंच वाटायला लागलं की हा आमच्याच दारासमोर जास्त थांबतो. 'बंद पडलेलं द्या' आमच्याच घरापुढं म्हणतो. मी मोबाईलवर वेळ लावून बघितली. बाकी घरांपुढं वीस सेकंद, आमच्यापुढं चाळीस. आज कळतं की आमच्यापुढं गटाराचा पाइप वर आलाय, तिथं टेम्पोला गिअर बदलावा लागतो. तेव्हा पुरावा मिळाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून मांगाचा सुरुवातीचा भाग मी माडीवर दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हसू आलं नाही. तो कटाचा भाग विनोद म्हणून लिहिलाय, पण आतून अगदी बरोबर आहे. माणूस कट रचतो कारण कट म्हटलं की निदान आपल्याकडं कुणाचं तरी लक्ष आहे. ताकिमोतो स्वतःला हिकिकोमोरी म्हणवायचा. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, त्यानं भोगलंय, हे पहिल्या खंडात पानोपानी कळतं.

आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या खंडापासून मांगा पळायला लागते.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. हिकिकोमोरीची गोष्ट म्हणून आपण बसतो आणि साहेब घरात सापडत नाहीत. शेजारच्या खोलीत यामाझाकी नावाचा जुना ओळखीचा निघतो, दोघं मिळून कॉम्प्युटर गेम बनवायला घेतात, त्यासाठी अकिहाबारा या टोकियोतल्या गेम-कॉमिकच्या बाजाराच्या वाऱ्या. मग ऑनलाइन गेमचं व्यसन. मग वर्गातली जुनी मुलगी भेटते, ती साखळी विक्रीत अडकलेली, ती याला अडकवते. मग एक गट, जो एकत्र जाऊन जीव द्यायचं ठरवतो. मधे मधे नशेच्या गोळ्या. त्या अ‍ॅनिमेत काढून टाकल्या, मांगात भरपूर आहेत. दर खंडाला समाजाचा एक नवा रोग येतो, सातो त्याच्यात पडतो, तोंडघशी आपटतो, पुढचा रोग येतो. वाचायला मजा येते, नाही असं नाही. साखळी विक्रीचा भाग तर आमच्या गावातल्या निम्म्या माणसांना वाचून दाखवावा इतका चांगला आहे. पण वाचताना सारखं वाटत राहतं की लेखकाला त्या खोलीत बसवत नाहीये. तिथं काही घडत नाही म्हणून तो दर वीस पानांनी काहीतरी घडवतोय.

आणि तिथं काही घडत नाही, हाच तर विषय.

मला सांगा, एखाद्या चित्रकारानं माझे चौदा महिने काढायचे म्हटलं तर काय काढेल? पत्र्याला असलेली भोकं. सकाळी उन्हाचे चार ठिपके भिंतीवर, दुपारी तेच ठिपके सतरंजीवर, संध्याकाळी दारावर. मी त्या ठिपक्यांवरून वेळ सांगू शकायचो. तलाठी भरतीची जाहिरात आली, फॉर्मची तारीख गेली. रूममेटचे फोन आधी रोज, मग आठवड्याला, मग वाढदिवसाला. ओइवाची रेष स्वच्छ आहे, नेटकी आहे, पात्रं दिसायला गोड. पण त्या खोलीला वासच येत नाही. पसारा आहे, तोसुद्धा रेखीव. चार वर्षं दार बंद असलेल्या पोराच्या उशीचा तेलकट डाग एकदा तरी जवळून काढायला हवा होता. चित्रांचं माध्यम होतं ना हातात? कादंबरीला जे सांगावं लागतं ते इथं एका पानावर चार सारख्या चौकटी काढून दाखवता आलं असतं.

मिसाकीबद्दल लिहायला हवं. ती या गोष्टीतली मुलगी. धर्माची पत्रकं वाटत मावशीबरोबर सातोच्या दारात येते आणि मग त्याच्यापुढं चक्क करार ठेवते. रोज रात्री बागेत यायचं, मी तुला व्याख्यान देईन, तुला बरं करीन. मराठीत सांगायचं तर उद्धार करायला आलेली. अशी मुलगी कुणाच्या दारात येत नाही, हे मी चौदा महिन्यांच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या दारात आले ते विमा एजंट असलेले माझे मामा, आणि एकदा हरिनाम सप्ताहाची वर्गणी मागायला चार पोरं.

पण मिसाकीत एक फार भारी गोष्ट आहे. ती सातोला वाचवायला येत नाही. तिला स्वतःहून खालच्या पायरीवरचा कुणीतरी हवा असतो. तिचं स्वतःचं आयुष्य इतकं चेचलेलं आहे की जगात आपल्याहून नालायक माणूस आहे, हे रोज डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चालत नाही. हे वाचलं आणि मी मोबाईल खाली ठेवला. कारण आमचे मामा. मामा महिन्यातून एकदा यायचे, माडीच्या जिन्यावर अर्ध्यात उभे राहून मोठ्यानं बोलायचे. "भाच्या, आमचा सचिन पण घरीच बसलाय, पण निदान खाली तरी उतरतो बाबा." आणि दरवेळी जाताना मामा आल्यापेक्षा ताजेतवाने दिसायचे, असं माय नंतर सांगायची. त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांच्या घरात त्यांनाही जड चाललं होतं.

या एका धाग्यावर मांगानं आठही खंड काढले असते तर मी ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो. मदत करणाऱ्याला मदतीची केवढी गरज असते, आणि ती गरज भागत राहावी म्हणून समोरच्यानं बरं होऊच नये असं त्याला आतून कसं वाटतं. ताकिमोतोला हे ठाऊक आहे. तो तिथपर्यंत येतो, हात लावतो, आणि मग पुन्हा आरडाओरडा, रडारड, पळापळ. शेवटचे दोन खंड मी केवळ सुरू केलंय म्हणून संपवले.

दुसरी तक्रार ताटाची. सातोचे आईबाप आहेत, पण ते पैशांच्या आणि फोनच्या पलीकडच्या टोकाला. त्यांना खोटं सांगून फसवायचं आणि त्यातून विनोद काढायचा. चार वर्षं पोराला पोसणाऱ्या घरात काय चालतं, तिथं जेवताना कुणी कुणाकडं बघतं का, लग्नकार्यात कुणी विचारलं तर काय सांगतात, हे मांगाला विचारावंसं वाटत नाही. माझी माय विचारणाऱ्यांना सांगायची, "ऑनलाइन काम हाय त्याचं, रातचं असतंय." गावानं ते वर्षभर मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. मराठीत या अवस्थेला शब्द नाही असं मला वाटायचं. आहे की. आजी शेजारणीला सांगत होती ते पत्र्यातून ऐकू आलं होतं, "पोरगं माणसातून उठलं गं." माणसातून उठणं. बघा, यात खोली नाही की दार नाही. यात माणसं आहेत, पंगत आहे, आणि तिच्यातून उठून गेलेला एक जण.

जपानमध्ये हा विषय सगळ्यांच्या तोंडी आणला तो साइतो तामाकी या मानसोपचारतज्ज्ञाच्या 1998 च्या पुस्तकानं. सहा महिने किंवा जास्त काळ घरात, शाळा नाही, काम नाही, कुटुंबाबाहेर नातं नाही, अशी साधारण व्याख्या. तेव्हा सगळे याला तरुण पोरांचं दुखणं समजायचे. सरकारनं मोजलंसुद्धा आधी 15 ते 39 वयाच्यांनाच, आणि 2016 मध्ये आकडा दिला 5 लाख 41 हजार. मग कुणीतरी म्हणालं, चाळिशीच्या पुढचे पण बघू. 2019 मध्ये 40 ते 64 वयाचे निघाले 6 लाख 13 हजार. म्हणजे जास्तच. 2023 मध्ये दोन्ही गट मिळून अंदाज जवळपास 14 लाख 60 हजारांवर गेला. ऐंशीचे आईबाप आणि पन्नाशीचं पोर, म्हणून त्याला तिकडं '8050 प्रश्न' असं नावच पडलंय. हे सगळं मी माडीवर रात्री तीन वाजता वाचलेलं आहे. तेव्हा आमच्या घरात 6128 होतं. अण्णा एकसष्ट, मी अठ्ठावीस. मी वहीत वजाबाकी करून ठेवली होती, 8047 कोणत्या साली होईल त्याची. सातो 2002 मध्ये 22 चा होता, म्हणजे आज चाळिशी ओलांडून गेलाय, दुसऱ्या मोजणीत आलाय. मांगाला हे भविष्य दिसायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे, मान्य. पण जरा जिना उतरून आईबापांकडं बघितलं असतं तर चाहूल लागली असती.

आता कापसाची गोष्ट. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. म्हणून पुढच्या हंगामात सगळ्यांनी माल घरातच ठेवला, भाव येईल तेव्हा काढू म्हणून. आमचा कापूस कुठं ठेवणार? माडीवर. नोव्हेंबरपासून माझ्या खोलीत अर्ध्यावर कापूस, मग पाऊण, मग खिडकीपर्यंत. मी एका कोपऱ्यात सतरंजीवर. घरात साठवलेल्या कापसाजवळ ज्यानं रात्र काढली नाही त्याला ती खाज सांगून कळायची नाही. मान, कोपरं, पोटऱ्या, सगळीकडं बारीक लाल पुरळ. अण्णा जिन्याखालून कापसाचा भाव ओरडून सांगायचे, "आज आठ हजार दोनशे! थांबू अजून!" मला उद्देशून बोललेलं चौदा महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य. कापूस आणि मी, दोघंही भावाची वाट बघत पडलेलो.

जानेवारीत अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलायचं नाही, वाकायचं नाही म्हणून सांगितलं. रानात गहू आणि हरभरा उभा. आणि त्या आठवड्यात शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची होती. आमच्याकडं थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बारा-साडेबाराला लाइट येणार आणि सकाळपर्यंत राहणार. तेवढ्यात काय पाणी द्यायचं ते द्या.

त्या रात्री दार उघडलं तर ताट नेहमीसारखं झाकलेलं होतं, वर वरवंटा होता. आणि ताटाशेजारी अण्णांचे गमबूट, बॅटरी आणि काठी. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ताट आत घेतलं, जेवलो. पिठलं-भाकरी होती. गमबूट बाहेरच. मग बराच वेळ मी दाराच्या फटीतून त्या गमबुटांकडं बघत होतो. एकाच्या टाचेला वाळलेला चिखल होता आणि त्यात गव्हाचं एक पातं चिकटलेलं.

रात्री बारा वाजता गावात कुणी नसतं. ही गोष्ट माझ्या लक्षात आधी का आली नव्हती कळत नाही. ज्याला माणसांना तोंड दाखवायचं नाही त्याला रात्रीच्या पाळीसारखी नोकरी नाही. दोन कुत्री मागं आली, मारुतीच्या देवळापर्यंत भुंकली, मग कंटाळून परत गेली. रान दीड किलोमीटर. चौदा महिन्यांनी चालताना पोटऱ्या अशा भरून आल्या की ओढ्याच्या पुलावर बसावं लागलं. थंडी अशी होती की काठी धरलेला हात कळेना.

विहिरीवरच्या पेटीत स्टार्टर. लाल दिवे तीनपैकी दोनच लागलेले, म्हणजे एक फेज अजून नाही. पेटीजवळ बसून वाट बघितली. पावणेएकला तिसरा लागला. हिरवं बटण दाबलं, स्टार्टर गुरगुरला, सुटला. परत दाबलं आणि धरून ठेवलं. मग पाइपातून आधी हवा आली, खाकरल्यासारखा आवाज, मग गढूळ पाण्याची एक उचकी, आणि मग धार. हातपंपाला येतं तसं कोमट पाणी. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं हे विसरलोच होतो. मी दोन्ही हात त्या धारेत घालून किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. दारं धरायचंही राहून गेलं, पहिलं वाफं फुटून पाणी शेजारच्या बांधाकडं निघालं.

तिकडून आवाज आला. "कोण हाय रे?"

बॅटरी चमकली. शेजारचे काका, त्यांचीही रात्रपाळी. मी गारठलो. चौदा महिन्यांत मी याच प्रश्नाला घाबरून होतो, आणि याच्या मागून येणाऱ्या पुढच्या प्रश्नाला. सध्या काय करायलास?

"मी. अण्णाचा."

"हां." थोडा वेळ काही नाही. मग, "पाणी फुटलंय बघ तुझं. खोरं घे लवकर, माझ्या हरभऱ्यात यायलंय."

खोरं घेतलं. बांध घातला. काका त्यांच्या वाफ्यात, मी माझ्या. पहाटे चारला त्यांनी बिडी पेटवली तेवढा ठिपका दिसला. जाताना म्हणाले, "उद्या लवकर ये, तिसरा फेज कवा येईल सांगता येत न्हाई." बस. 'सध्या काय करायलास' त्यांनी विचारलं नाही. मी काय करतोय ते त्यांच्या हरभऱ्यात दिसतच होतं.

आठवडाभर रोज गेलो. मग दिवसाची पाळी लागली, तेव्हा जमलं नाही, दोन दिवस परत दार लावून पडलो. मग गेलो. हे एकदम झालं नाही, अजूनही पूर्ण झालंय असं नाही. लग्नाच्या मंडपात मी अजून पंगतीच्या टोकाला बसतो. आता सेलूत एका कृषी सेवा केंद्रात बसतो, औषधांच्या नोंदी करतो. परीक्षेची पुस्तकं मामांच्या सचिनला दिली.

अ‍ॅनिमेत एक छोटा प्रसंग आहे. ती साखळी विक्रीवाली मुलगी, तिचा भाऊ तसाच खोलीत कोंडलेला, तिच्याच कमाईवर जगणारा. बहीण बरेच दिवस घरी येत नाही, खायचं संपतं, आणि भूक त्याला दाराबाहेर काढते, कामाला लावते. ना करार, ना व्याख्यान. सगळ्या पसाऱ्यात मला पटला तो एवढाच तुकडा, आणि त्याला दिलेत किती, चार मिनिटं. तिथं मी सातोला सोडून त्या भावाच्या मागं गेलो असतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कसा उठला, तिसऱ्या दिवशी उठला का, मालकानं त्याला काय विचारलं आणि काय विचारलं नाही.

कापूस अखेर एप्रिलमध्ये गेला. आठ हजारांच्या खालीच. व्यापाऱ्याची माणसं गाठोडी बांधत होती तेव्हा तळाशी मांगाचा तो पहिला खंड सापडला. पानापानात कापसाचे तंतू आणि मधोमध एक सरकी दाबून चपटी झालेली. आजीनं मला वाचताना बघितला तो हाच. सरकी अजून तिथंच आहे, मिसाकी पहिल्यांदा दारात येते त्या पानावर.

परवा मायला विचारलं. इतके दिवस विचारायचं राहिलं होतं, की त्या रात्री गमबूट ठेवायचं तुला कसं सुचलं? कुणी सांगितलं होतं का, की किती दिवस मनात होतं? मला वाटलं होतं तिनं काहीतरी ताडलं असणार, रात्रीची वेळ मुद्दाम धरली असणार.

ती भाकरी थापत होती. परातीतून मान वर केली नाही.

"कशाचं सुचतंय? सालगडी गेला व्हता मेव्हण्याच्या लग्नाला. दुसरं व्हतं कोण घरात?"

भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"अन् ते बूट तुला एक नंबर मोठे व्हत्यात. मला रातभर तेच, पोरगं पडतंय का काय कुठं."